गाडी आपली, पुस्तक त्यांचं?

मंडळी, एक सोपा प्रश्न. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?

"बदललं असेल की सर्व्हिसिंगमध्ये" हे उत्तर चालणार नाही. तारीख सांगा, नाहीतर किलोमीटर सांगा. मागे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी हा प्रश्न टाकला होता. टेबलावर आठ जण, सगळे इंजिनिअर, त्यातले दोघं तर चक्क मेकॅनिकलचे. एकालाही उत्तर देता आलं नाही. एकाने उलट मलाच विचारलं, "ब्रेकला ऑइल असतं?" आणि हा माणूस महिन्यातून दोनदा बायकापोरांना घेऊन घाट उतरतो!

हीच आठ माणसं सर्व्हरवर एखादा पॅच टाकायचा असेल तर तीन मेल पाठवतात, रिलीज नोट्स वाचतात, बॅकअप घेतात, रोलबॅकचा प्लॅन तयार ठेवतात. गाडीचा विषय निघाला की मात्र, "टाकतो रे सर्व्हिस सेंटरला, ते बघून घेतात." आणि गाडी दहा वर्षांची झाली की सगळ्यांचा एकच सल्ला, "काढून टाक. हप्त्यावर नवीन घे."

माझ्याकडे २००२ सालची झेन आहे. बाबांनी घेतली तेव्हा मी बालवाडीत होतो. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, आठशे किलोच्या आतलं वजन, आणि पुण्याच्या पेठेत कुठेही मावेल एवढी लांबी. मारुतीने झेन १९९३ साली आणली आणि २००६ मध्ये बंद केली. म्हणजे ऑफिसातल्या फ्रेशर्ससाठी ही गाडी जवळपास बैलगाडीच्या पंक्तीतली. "अजून चालते?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. चालते. का चालते, ते सांगण्यासाठी हा लेख. आणि थोडं भांडण्यासाठीही.

माझं म्हणणं सरळ आहे. जी वस्तू आपण स्वतःच्या पैशाने विकत घेतली ती उघडायची कशी, तपासायची कशी आणि परत जोडायची कशी हे सांगणारं पुस्तक मालकाला मिळालं पाहिजे. आणि मिळाल्यावर मालकाने ते वाचलं पाहिजे. यातल्या पहिल्या वाक्यासाठी मला कंपन्यांशी भांडायचंय, दुसऱ्यासाठी तुमच्याशी.

आधी एक घोळ मिटवू. गाडीबरोबर ग्लव्ह बॉक्समध्ये जे पुस्तक येतं ते ओनर्स मॅन्युअल. त्यात हेडलाइट कसा लावायचा, टायरमध्ये हवा किती भरायची, लहान मुलांना पुढे बसवू नका वगैरे असतं. काही बिघडलं की "अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा". मी म्हणतोय ते सर्व्हिस मॅन्युअल. हे जाडजूड पुस्तक कंपनी आपल्या वर्कशॉपसाठी काढते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग, वायरिंग, प्रत्येकाचं वेगळं प्रकरण. प्रत्येक भाग सुटा करून काढलेली चित्रं. कुठला बोल्ट किती ताकदीने आवळायचा याचे आकडे. कुठला भाग किती झिजला की फेकायचा याची मर्यादा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिघाड शोधायचे तक्ते. अमुक तपासा, हो असेल तर इकडे जा, नाही असेल तर तिकडे जा. आपण ज्याला फ्लोचार्ट म्हणतो आणि पहिल्या सेमिस्टरनंतर कधी काढत नाही, तोच.

या पुस्तकाची किंमत कळायला एकच उदाहरण पुरे. स्पार्क प्लग. चार प्लग बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. पण झेनच्या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि प्लग आहे स्टीलचा. जोर लावून आवळला तर हेडमधले आटे जातात, आणि मग शंभर-दोनशे रुपयांच्या प्लगपायी हेड खोलायची वेळ येऊ शकते. सैल ठेवला तर कॉम्प्रेशन गळतं आणि प्लग तापतो. मग किती आवळायचा? गल्लीतल्या पोऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "हाताला कळतं साहेब." पुस्तक म्हणतं, सुमारे २५ न्यूटन मीटर. म्हणजे २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचं वजन टांगल्यावर जेवढा जोर पडेल तेवढा. बारावीचं फिजिक्स आहे हो हे. जेईईसाठी टॉर्कची गणितं घोटलेला माणूस वयाच्या तिशीत "हाताला कळतं" वर गाडी सोडून देतो, याला काय म्हणायचं?

पोऱ्याच्या हाताला खरंच कळतही असेल. दहा वर्षं रोज प्लग आवळणाऱ्या हाताचा मी आदरच करतो. पण तुमची गाडी नेमकी त्याच हाताखाली गेली की काल कामाला लागलेल्याच्या, हे तुम्हाला कळणार कसं? तुम्ही काचेपलीकडच्या वेटिंग रूममध्ये मशीनची कॉफी पीत बसलेले असता.

आता मुख्य किस्सा. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात गाडी सकाळी एका फटक्यात सुरू होईना. मायलेज उतरलं. मधूनच चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायचा, मधूनच जायचा. एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट, असे एक ॲडव्हायझर आले. बोनेट उघडून तीस सेकंद बघितलं, आत जाऊन आले आणि म्हणाले, "सर, ईसीएम गेलाय. पार्ट मिळतो का ते बघावं लागेल, सोळा-सतरा हजार धरून चला." मग आवाज खाली आणून, "खरं सांगू का सर, एवढ्या जुन्या गाडीवर खर्च करू नका. एक्स्चेंजमध्ये स्कीम चांगली चालूय."

ईसीएम म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर. मी विचारलं, कुठला कोड आला? ते म्हणाले, "कोड-बिड काही नाही सर, अनुभवावरून सांगतोय." गाडी घेऊन घरी आलो.

त्या काळातल्या सुझुकीच्या गाड्यांमध्ये एक झकास सोय आहे. स्कॅनर लागत नाही. पुस्तकात दाखवलेल्या दोन टोकांमध्ये वायरचा एक तुकडा लावायचा, चावी ऑन करायची आणि चेक इंजिनचा दिवा बघत बसायचं. तो दिवा लुकलुकत आकडे सांगतो. एकदा लुकलुक, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२. बारा म्हणजे सगळं आलबेल. माझा दिवा एकदा लुकलुकला, थांबला आणि मग चारदा. चौदा. पुस्तकातलं चौदाचं पान उघडलं. कूलंटचं तापमान मोजणारा सेन्सर, सर्किट तुटलेलं.

म्हणजे कॉम्प्युटर बिचारा शाबूत होता, एवढंच नाही तर नेमकं कुठे दुखतंय ते ओरडून सांगत होता. ऐकणारं कुणी नव्हतं.

पुढचं काम पुस्तकानेच करून घेतलं. आधी कनेक्टर काढून वायरवर व्होल्टेज मोजा. पाचच्या आसपास आलं, म्हणजे तिकडून सगळं ठीक. मग इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सर काढा आणि त्याचा रेझिस्टन्स मोजा. २० अंश सेल्सिअसला साधारण अडीच किलोओहम, ८० अंशाला साधारण ०.३. पुस्तकातल्या चित्रात सेन्सर गरम पाण्याच्या भांड्यात बुडवलेला आहे, शेजारी थर्मामीटर. आता आमच्या घरात असं भांडं म्हणजे चहाचं पातेलं. आईने "त्या पातेल्यात परत चहा होणार नाही" असं जाहीर केलं आणि एक जुनं ॲल्युमिनियमचं भगुणं पुढे केलं. गॅसवर भगुणं, त्यात दोऱ्याने लोंबकळणारा सेन्सर, मल्टिमीटर ओट्यावर, आणि आकडे लिहून घ्यायला बाबा. पाणी तापत गेलं तसा आकडा खाली येत गेला, आणि ८० अंशाला पुस्तकात दिलेल्या आकड्यावर येऊन टेकला. सेन्सरही चांगला!

वायर चांगली, सेन्सर चांगला, मग राहिलं काय? दोघांमधला जोड. कनेक्टर खिडकीजवळ उजेडात धरून बघितला तर एका पिनेवर हिरवट थर साचला होता. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणि जुना टूथब्रश. दिवा गेला तो गेलाच. खर्च स्प्रेच्या डब्याचा. तोही डबा अजून अर्धा शिल्लक आहे.

हे मी हुशारी मिरवायला सांगत नाहीये. यात हुशारी शून्य आहे. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर, पान्याशी माझा जन्मजात संबंध नाही. जे केलं ते छापील पानावर एक, दोन, तीन असं लिहिलेलं होतं. हुशारी ज्याने तो तक्ता लिहिला त्याची. मुद्दा हा की ते पान हातात नसतं तर सोळा हजार गेले असते, किंवा गाडी गेली असती. आणि दिवा तरीही लागतच राहिला असता, कारण ईसीएम नवीन असो की जुना, पिन तीच हिरवी.

आता विचारा, हे पुस्तक मला मिळालं कुठे? अधिकृत काउंटरवर विचारलं तेव्हा "ते फक्त डीलरसाठी असतं, कस्टमरला देत नाहीत" असं उत्तर मिळालं. शेवटी आमच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांच्या ओळखीतून एक स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स मिळाली. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण काही चित्रं नुसती काळी आहेत. मालकाने स्वतःच्या गाडीची माहिती अशी चोरीचा माल असल्यासारखी मिळवायची!

बरं, ही कुरकुर माझ्या एकट्याची नाही. २०११ साली शमशेर कटारिया या गृहस्थांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे याच विषयावर तक्रार नेली. सुरुवातीला तीन कार कंपन्यांविरुद्ध होती, चौकशीत व्याप्ती वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. दोष काय, तर सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती आपल्या अधिकृत जाळ्याबाहेर जाऊ न देणं आणि स्वतंत्र गॅरेजवाल्यांची कोंडी करणं. गाडी विकत घेईपर्यंत ग्राहकाला दहा दुकानं असतात, विकत घेतल्यावर एकच दुकान उरतं, असा त्याचा सरळ अर्थ. मग अपिलं झाली आणि आपल्याकडे जे होतं ते झालं, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिलं.

युरोपात २००७ च्या नियमानुसार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजलाही द्यावी लागते, रास्त पैसे आकारून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली हाच प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने मत दिलं. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू झालं. वाहनं हा त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक. चांगली सुरुवात आहे, पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने माहिती दिलीच पाहिजे आणि नाही दिली तर अमुक होईल, असं कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांना तर ही गोष्ट पटकन कळायला हवी. रिचर्ड स्टॉलमनची प्रिंटरची गोष्ट ठाऊक आहे ना? १९८० च्या सुमारास एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला तर निरोप यावा एवढी साधी सुधारणा स्टॉलमनला करायची होती, जुन्या प्रिंटरवर त्याने ती केलेलीही होती. नव्याचा सोर्स कोड मागितला तर मिळाला नाही. त्या चिडीतून पुढे फ्री सॉफ्टवेअरची चळवळ उभी राहिली. ग्नू प्रकल्पाची घोषणा झाली सप्टेंबर १९८३ मध्ये. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीत पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. एका जगात आपण चाळीस वर्षं "कोड दाखवा" म्हणून भांडलो, आणि आज सगळं ऑफिस लिनक्सवर चालतं. दुसऱ्या जगात "बोनेट उघडू नका, वॉरंटी जाईल" म्हटलं की आपण मान डोलावतो. लॅपटॉपवर ओपन सोर्सचे स्टिकर लावायचे आणि गाडीची चावी निमूट काउंटरवर ठेवायची!

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत.

"वेळ कुणाला आहे?" मंडळी, गाडी सर्व्हिस सेंटरला सोडायला जाणं, तिथून रिक्षा शोधणं, संध्याकाळी "सर अजून वॉशिंग बाकी आहे" ऐकत थांबणं, याला वेळ लागत नाही का? एअर फिल्टर बघायला दहा मिनिटं लागतात. बॅटरीची टोकं साफ करायला पंधरा. शिवाय सगळं स्वतः करा असं मी म्हणतच नाहीये. मी स्वतः क्लच काढायला जात नाही, टायमिंग बेल्टला हात लावत नाही. पण तो बेल्ट कुठे असतो, किती किलोमीटरला बदलायचा आणि त्याबरोबर काय तपासायचं, हे वाचलेलं असलं की गॅरेजवाल्याशी बोलणं बदलतं. "काय ते बघून घ्या" म्हणणारं गिऱ्हाईक आणि "बेल्टबरोबर टेन्शनरही बघा" म्हणणारं गिऱ्हाईक, या दोघांची बिलं वेगळी असतात.

"ब्रेक वगैरे जिवाशी खेळ आहे." शंभर टक्के मान्य. म्हणूनच वाचा. सुरुवातीला विचारलेलं ब्रेक ऑइल घ्या. हे द्रव हवेतली ओल शोषून घेतं. नवंकोरं डॉट ३ प्रतीचं ऑइल उकळायला किमान २०५ अंश लागतात. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येऊ शकते. आता आंबेनळी घाट उतरताय, गाडीत पाच माणसं आणि डिकीत स्ट्रॉबेरीची खोकी. सतत ब्रेकवर पाय. कॅलिपर तापले, ऑइल उकळलं, वाफ झाली. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी हे ऑइल बदला असं पुस्तकात लिहिलेलं असतं. बदलायचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या, माझा काही आग्रह नाही. पण दोन वर्षं झाली हे लक्षात कुणी ठेवायचं? जिवाशी खेळ न वाचण्यात आहे. आणि हो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. स्टँड लावल्याशिवाय नाही म्हणजे नाही. हेही पुस्तकात पहिल्याच पानांत असतं.

"जुन्या गाड्या प्रदूषण करतात." हा आक्षेप वजनदार आहे, आणि मी तो उडवून लावणार नाही. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ गाड्या माझ्या झेनपेक्षा निश्चितच स्वच्छ आहेत. झेनमध्ये एअरबॅग नाहीत, धडकेत नवी गाडी जास्त वाचवेल, हेही खरं. रोज शंभर किलोमीटर हायवेवर जाणाऱ्याला मी झेन घे म्हणणार नाही. पण महिन्याला तीनशे किलोमीटर, तेही गावातल्या गावात, एवढ्यासाठी नवीन गाडी बनवायचं लोखंड, प्लास्टिक, रंग आणि वीज फुकट येत नाही. आणि धुराचं म्हणाल तर माझ्या गाडीने चौदा नंबरचा कोड घेऊन फिरणं आणि तो दुरुस्त करून फिरणं यातही धुराचा फरक आहे. देखभालीशिवाय पाच वर्षांची गाडीही काळा धूर सोडते. ती रोज तुमच्यापुढे सिग्नलला उभी असते, तुम्हीच बघा.

इथेच माझं सरकारशीही थोडं भांडण आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेल्या स्क्रॅपिंग धोरणात खासगी गाडीसाठी निकष आहे फिटनेसचा. वीस वर्षांनंतर गाडी तपासा, नापास झाली तर मोडीत काढा. हे मला पूर्ण पटतं. माझी गाडी यंत्रावर चढवा, धूर मोजा, ब्रेक मोजा, नापास झाली तर मी स्वतः भंगारात नेऊन देईन. पण त्याच वेळी नूतनीकरणाची फी बघा. पंधरा वर्षांवरच्या खासगी कारसाठी ती ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,००० केली. माझी गाडी २०२७ मध्ये पंचवीस वर्षांची होईल तेव्हा मला हेच दहा हजार भरायचे आहेत, गाडी ठणठणीत असो की खिळखिळी. ही फी गाडीच्या तब्येतीकडे बघतच नाही, फक्त जन्मतारीख बघते. ज्याने दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदललं आणि ज्याने वीस वर्षांत बोनेट उघडलं नाही, दोघांना एकच पावती. मग कुणी देखभाल का करावी?

"आमचा मेकॅनिक आवाज ऐकून सांगतो, त्याला पुस्तक लागत नाही." असे लोक आहेत, मी बघितलेत. ज्या काकांमुळे मला झेरॉक्स मिळाली ते स्वतः त्यातलेच. मला म्हणाले होते, "अरे, पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का?" पण कार्ब्युरेटरचा आवाज कानाला कळतो, तापमानाच्या सेन्सरचे किलोओहम कानाला कळत नाहीत. चौदा नंबरची हकीकत सांगितल्यावर काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या वायरिंगच्या पानाचा फोटो पाठव मला." पाठवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या कुणाच्या तरी झेनचा असाच दिवा घालवला.

खरी गोम इथे आहे. पुस्तक दडवल्याने माझं काय नुकसान होतं? मी इंटरनेटवर शोधेन, ओळख काढेन, इंग्रजी वाचेन, काहीतरी जमवेन. नुकसान होतं काकांचं. चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, दोन मुलं हाताखाली शिकतायत, आणि नव्या गाड्या आल्या की त्यांना "आमच्याकडे स्कॅनर नाही साहेब" म्हणून हात जोडावे लागतात. आता दोनेक हजारांच्या आत ब्लूटूथचा स्कॅनर मिळतो, तो इंजिनचे साधे कोड वाचतो. पण कोड वाचल्यावर पुढे काय तपासायचं, कुठल्या वायरवर किती व्होल्ट असायला हवेत, हे पुस्तकातच असतं. ते पान नसलं की अंदाजाने पार्ट बदलत जायचं, आणि त्या अंदाजाचं बिल तुम्ही-आम्ही भरायचं. काका निवृत्त झाले की त्यांच्या कानातलं ज्ञानही जाईल, आणि मागे राहिलेल्या त्या दोन पोरांच्या हातात ना कान असेल ना पुस्तक.

म्हणून मागणी अगदी साधी आहे. गाडी बाजारात आली की तिचं सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगची चित्रं रास्त किमतीत कुणालाही विकत मिळावीत, मालकाला, गल्लीतल्या गॅरेजला, आयटीआयच्या वर्गाला. फुकट नकोत. हजार-दोन हजार घ्या. पंधरा-वीस लाखांची गाडी घेणारा माणूस आनंदाने देईल. आणि मॉडेल बंद झालं की पुस्तक कंपनीच्या वेबसाइटवर टाकून द्या. २००६ ला बंद झालेल्या गाडीचं कुठलं व्यापारी गुपित शिल्लक राहिलंय? विमा, रोड टॅक्स, फास्टॅग हे सगळं घेतल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर पडत नाही. त्याच यादीत हे एक पुस्तक टाकायला काय हरकत आहे?

आणि तोवर आपण काय करायचं? पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा तीन गोष्टी मागा. एक, बदललेले जुने भाग परत द्या. दोन, दिवा लागला असेल तर कोड कुठला आला तो बिलावर लिहा. तीन, सर्व्हिस मॅन्युअल विकत हवंय, कुठे मिळेल? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. बघू दे. दिवसातून दहा गिऱ्हाइकांनी हाच प्रश्न विचारला की मॅनेजरला वर मेल टाकावा लागेल, आणि मेल कसा वर-वर सरकत जातो हे आयटीवाल्यांना मी सांगायला नको.

असो. बरंच लांबलं. उद्या रविवार, मागच्या ब्रेकचे लायनर किती उरलेत ते मोजायचंय. पुस्तकात किमान जाडी दिलेली आहे, व्हर्निअर कॅलिपर कॉलेजच्या ड्रॉवरमधून शोधून काढलाय. तुमच्यापैकी कुणी पुण्यात असेल आणि बघायचं असेल तर सकाळी नऊला या. चहा मिळेल. भगुण्यातला नाही, पातेल्यातला.